अथेन्समध्ये झाडाच्या नावावर सातबारा आहे म्हणे!

वाटसरू:
लेक जॉर्जिया विद्यापीठात शिकते, म्हणून महिनाभर अथेन्सला होतो. ग्रीसचं नव्हे, अमेरिकेतल्या जॉर्जियातलं. विद्यापीठाची सनद १७८५ची, गाव त्याच्याभोवती वाढलेलं. पाहुण्यांना हौसेनं दाखवतात ते 'स्वतःच स्वतःचं मालक असलेलं झाड': फिनली स्ट्रीटवरचा ओक, भोवती दगडी खांब, साखळी, झिजलेल्या अक्षरांचा शिलालेख. कर्नल जॅक्सन यांनी प्रेमापोटी झाडाला झाड आणि चहूबाजूंची आठ-आठ फूट जमीन लिहून दिली, अशी कथा. मूळ झाड १९४२ला पडलं, त्याच्याच बीपासून वाढवलेलं रोप १९४६ला लावलं. वारसनोंदही झाली म्हणा!

तिथून पायी जाण्याच्या अंतरावर लिननटाउन होतं. सुमारे पन्नास कृष्णवर्णीय कुटुंबं, कित्येकांची घरं स्वतःची. १९६०च्या दशकात शहर आणि विद्यापीठानं 'नागरी नूतनीकरणा'च्या नावाखाली वस्ती उठवली आणि वसतिगृहं बांधली. माझं मत: गाव दाखवायचं तर सुरुवात तिथून करा. झाडाचं कौतुक पुरे.

रिकामटेकडा:
झाडानं काय घोडं मारलंय? प्रवासाला निघालेल्या माणसाला उतरल्या उतरल्या अपराधी वाटायला लावायचं का? त्याच गावात दुनळी तोफ आहे, १८६२ची, अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं बनवलेली. दोन गोळे साखळीनं जोडून एकदम उडवायचे, शत्रू गवतासारखा कापायचा. चाचणीत नळ्या एकदम उडेनात, गोळे भलतीकडेच. तरी नगरभवनासमोर मांडलीय. स्वतःच्या फजितीवर हसणारं गाव मला आवडतं.

वाटसरू:
हसा की. पण तोफेचं तोंड उत्तरेकडे आहे, आणि उत्तरेकडून येणाऱ्या फौजेच्या विजयानं गुलामगिरी संपणार होती.

दस्तऐवज:
मुद्द्याचं बोलू. जॅक्सन यांचं खतपत्र कुणी पाहिलेलं नाही. सगळी भिस्त १८९०च्या वर्तमानपत्रातल्या मजकुरावर. कायद्यानं झाड मालक होऊच शकत नाही. तरी आठ फुटांना आजवर कुणी हात लावला नाही, आणि रीतसर खरेदीखतं असलेल्यांची घरं गेली. २०२१मध्ये काउंटीनं चूक कबूल करणारा ठराव केला. विद्यापीठानं नव्हे, हे लक्षात घ्या.

काठावरची:
सहा वर्षं तिथे राहिले. तुम्ही तिघंही विद्यापीठाच्या प्रवेशाची कमान विसरलात. पदवीआधी तिच्याखालून गेलं तर पदवी मिळत नाही म्हणतात, म्हणून पोरं बाजूनं जातात. माझ्या नवऱ्यानंही पाळलं, पीएचडीचा माणूस! १९६१ला शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स हे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले, तेव्हा हंटर यांच्या वसतिगृहाबाहेर दंगल झाली. निलंबन कुणाचं? या दोघांचं, 'त्यांच्याच सुरक्षिततेसाठी'. न्यायालयानं परत आणलं. आज एका इमारतीला दोघांची नावं आहेत. सुरुवात तिथून करा.

रिकामटेकडा:
बरं, पण झाड आधीच. ते पाहायला लोक थांबतात. मग दस्तऐवजरावांचं खतपत्र काढायचं आणि चालत बॅक्स्टर स्ट्रीटला, म्हणजे लिननटाउनच्या जागी न्यायचं. उलट क्रमानं नेलंत तर निम्मे वाटेतच गळतील.

वाटसरू:
क्रम नाही पटला. आणि मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. लेक पहिल्या वर्षी तिथल्याच वसतिगृहात होती. तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या सूर्यास्ताचे फोटो मीच सगळ्यांना पाठवले होते.