'हिप हिप हुर्रे' परत बघताना

लहानपणीची मालिका मोठेपणी बघू नये, भ्रमनिरास होतो, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मी नुकतेच 'हिप हिप हुर्रे'चे बरेच भाग परत बघितले आणि मला ती आता जास्त आवडली.

१९९८ साली झी टीव्हीवर शाळकरी मुलांवरची ही हिंदी मालिका सुरू झाली तेव्हा मी सांगलीत नववीत होते. दोन वेण्या, लाल रिबिनी, मराठी माध्यम. मालिकेतल्या डिनोबिली शाळेतली ती मुलं बारावीत असूनही शाळेचा गणवेश घालतात, याचंच आम्हाला केवढं नवल! आपल्याकडे दहावी झाली की विलिंग्डन नाहीतर दुसरं कुठलं कॉलेज, गणवेश सुटला. वर्गातल्या निम्म्या मुली पूरब कोहलीने साकारलेल्या मजहरवर फिदा होत्या, मीही.

आता मजहरकडे नाही, घरातल्या मोठ्यांकडे लक्ष जातं. तेव्हा प्रत्येक आई-बाप खलनायक वाटायचे. आता मालिकेतली एखादी मुलगी उशिरा घरी येते, दाराशी कोणी वाट बघत असतं, आणि माझाच जीव वर-खाली होतो. कृष्णेला पूर आला असताना मी न सांगता आयर्विन पुलावर पाणी बघायला गेले होते. परत आले तेव्हा आई फाटकात उभी होती, एक शब्दही बोलली नाही. तो चेहरा मला या वेळी पहिल्यांदा समजला.

अभिनय काही ठिकाणी कच्चा आहे, खरं आहे. पण दिग्दर्शिका नूपुर अस्थाना यांनी त्या वयाच्या दुःखाला कुठेही क्षुल्लक मानलेलं नाही. माझी लेक चौदाची आहे, तिच्यासोबत उरलेले भाग बघतेय.