‘ट्रान्सपोर्टेशन’च्या शिक्षेला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या कैदी वसाहतीवरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘सात वर्षं ट्रान्सपोर्टेशन’ ही शिक्षा, म्हणजे कैद्याला जहाजाने दूरच्या वसाहतीत धाडणं, पानोपानी येते. आधी ‘तडीपारी’ लिहिलं, मग खोडून ‘काळे पाणी’ केलं. दोन्ही खटकतात. जाणकारांनी सुचवावं.

उत्तर: ताई, ‘तडीपारी’ नकोच. तड म्हणजे काठ. काम ‘तडीस नेतो’ ती हीच तड. त्यामुळे मुळात शब्द जवळचा आहे, पण आता तो १९५१च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याला चिकटलाय. तडीपार इसमाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढतात, पण बाहेर तो मोकळाच फिरतो.

जॉन हडसन असा मोकळा नव्हता. धुराडी साफ करणारं लंडनचं हे नऊ वर्षांचं पोर. एका घरातून शर्ट, पाच रेशमी मोजे, दोन एप्रन आणि एक पिस्तूल चोरलं म्हणून १७८३ साली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेने स्वातंत्र्य मिळवल्यामुळे कैदी धाडायची इंग्रजांची जुनी वाट बंद झाली होती. मे १७८७ मध्ये अकरा जहाजं पोर्ट्समथहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली, तेव्हा तो त्यात होता, वय तेरा. म्हणजे शिक्षेची निम्मी वर्षं बोटीत बसण्याआधीच संपली होती! तिकडे सरकारी मजुरी. मुदत भरली तरी परतीचं भाडं सरकार देत नसे, आणि मुदतीआधी परतला तर फाशी. हे सगळं ‘तडीपारी’त कुठे बसतं?

दुसरं मत: मला ‘काळे पाणी’च योग्य वाटतं. वाचकाच्या पोटात लगेच गोळा येतो.

उत्तर: गोळा येतो तो अंदमानच्या आठवणीने, आणि तिथली वसाहत १८५८ची. शिवाय समुद्र ओलांडला की जात गेली, ही धास्ती त्या शब्दात मुरलेली आहे. लंडनच्या पोराला ती कुठून असणार? अंदमानबद्दल लिहिताना मात्र ‘काळे पाणी’च लिहावं, दुसरं काही नको.

माझी पसंती ‘समुद्रपार रवानगी’. इंग्लिश निकालांत ‘समुद्रांपलीकडे’ अशीच शब्दयोजना असे. आणि ‘रवानगी’ आपल्या कानावर रोज पडतं: ‘आरोपीची येरवड्याला रवानगी’. पाठवणारा सरकार आहे आणि जाणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही, हे त्यात आपोआप येतं.

प्रश्न: आणि ‘ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’ला जन्मठेप चालेल?

उत्तर: नको. आपल्या दंड संहितेतूनही ‘ट्रान्सपोर्टेशन’ १९५५च्या दुरुस्तीने गेलं आणि त्या जागी आजन्म कारावास आला. त्यामुळे आज ‘जन्मठेप’ वाचलं की तुरुंगाच्या भिंती दिसतात, जहाज दिसत नाही. ‘आजन्म समुद्रपार रवानगी’ लिहा. लांबट आहे, पण एकदा पूर्ण लिहिल्यावर पुढे नुसतं ‘रवानगी’ पुरेल.