मदत हवी आहे: फॉन्ट बदलणाऱ्या प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन कसं लावावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून पायथनमधला एक छोटा मुक्तस्रोत प्रकल्प चालवतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तो युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात आणतो. कोड नीट चाललाय, घोडं अडलंय डॉक्युमेंटेशनपाशी. चार वर्षं जो आला त्याने रीडमीच्या (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फायलीच्या) तळाशी काहीतरी जोडलं. आता ते एकच लांबलचक पान झालंय आणि इन्स्टॉल कसं करायचं हे त्यात तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंय. बरोबर त्यातली एकच.

मागच्या महिन्यात एका छापखान्यात डीटीपी करणाऱ्या ताईंनी प्रकल्पाच्या पानावर इश्यू (अडचणीची नोंद) टाकला: ‘दिवाळी अंकाच्या जुन्या फायली बदलायच्या आहेत, नेमकं काय करू?’ उत्तर रीडमीत होतं, पण मॅपिंग तक्त्यांच्या (जुन्या फॉन्टमधलं कुठलं चिन्ह म्हणजे युनिकोडमधलं कुठलं, याच्या याद्यांच्या) वर्णनाखाली गाडलेलं. त्यांनी तिथवर वाचत जावं ही अपेक्षाच चूक.

म्हणून जँगो या पायथनमधल्या वेब-फ्रेमवर्कच्या डॉक्युमेंटेशनची मांडणी पाहिली. पहिल्याच पानावर चार वाटा: ट्युटोरियल, विषयवार विवेचन, संदर्भ आणि ‘हे कसं करायचं’. डॅनिएले प्रोचिदा यांची डॉक्युमेंटेशन लावण्याची डायटॅक्सिस पद्धतही अशाच चार भागांची. शिकायला आलेल्याला आणि काम उरकायच्या घाईत असलेल्याला एकच पान पुरत नाही, हे मनापासून पटलं. पण आमचा मजकूर त्या खणांत घालायला बसलो की अडतो.

‘वार्षिक’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो दिसतो तसा साठवलेला असतो: वा, मग ऱ्हस्व इकार, मग ष, त्यावरचा रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वा, र, हलन्त, ष, इकार, क. म्हणजे अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, जागाही हलवाव्या लागतात. शिवाय ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे राहायला हवेत; हिंदीसाठी केलेला तक्ता तसाच उचलला की तिथेच घात होतो. हे सगळं विवेचनच, पण ते कळल्याशिवाय नवा फॉन्ट जोडणाऱ्याला एक ओळही लिहिता येत नाही. मग ते ‘फॉन्ट कसा जोडावा’ या पानातच ठेवू, की वेगळं पान करून तिथे लिंक देऊ? दोन्हीकडे लिहिलं तर इन्स्टॉलचं झालं तेच होणार.

भाषेचाही प्रश्न आहे. वापरणाऱ्यांची पानं मराठीत हवीतच, कोडचा संदर्भ इंग्रजीत आहे. स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशन तयार करणारं साधन घ्यावं असं चाललंय, कारण त्यातून गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या पीओ फायली (मूळ मजकूर आणि त्याचं भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या) काढता येतात आणि मूळ परिच्छेद बदलला की त्याच्या भाषांतरावर ‘फझी’ची (पुन्हा तपासा अशी) खूण करता येते. पण जी पानं मुळातच मराठीत लिहिलीत त्यांचं काय? एकाच रेपोत (प्रकल्पाच्या फायलींच्या साठ्यात) दोन मूळ भाषा कुणी सांभाळल्यात का?

राहिल्या जुन्या लिंक. रीडमीतल्या मथळ्यांच्या लिंक व्हॉट्सॲप गटांत फिरताहेत. ‘#’नंतरचा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिथे रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवणं) लावून उपयोग नाही. जुने मथळे तसेच ठेवून प्रत्येकाखाली नव्या पानाची एक ओळ द्यावी असं माझं मत. सहकाऱ्यांना ती अडगळ वाटते.

सुरुवात कुठून करावी तेही सांगा. माझा कल ताईंच्या प्रश्नाच्या पानाकडे आहे: फाईल उघडा, फॉन्ट निवडा, निकाल तपासा, एवढंच. मसुदा तयार आहे. प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेल्या दोघातिघांनी तो वाचून कुठे अडलात ते सांगितलंत, तर फार मदत होईल.