मदत हवी आहे : टीमबिल्डिंगचा रोजच्या कामात उपयोग व्हावा यासाठी काय करावं?

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्याकडच्या टीमबिल्डिंगची जबाबदारी माझ्यावर आहे. विक्री बघणारे आणि ऑर्डर पूर्ण करून देणारे, अशा दोन टीमसाठी मिळून कार्यक्रम करायचा आहे. आजवर रस्सीखेच, डोळ्यांवर पट्टी बांधून चालणं, प्रश्नमंजूषा असे खेळ झाले. त्या दिवशी सगळे मनापासून हसतात. सोमवारी मात्र पुन्हा तेच. "आम्हाला न विचारता गिऱ्हाइकाला तारीख दिलीच कशी?" आणि समोरून, "तुम्ही वेळेवर कळवता कुठे?"

खेळ नकोतच असं माझं म्हणणं नाही. नव्या माणसाला चार चेहरे ओळखीचे होतात, हेही हवंच. पण टीमबिल्डिंगवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात उद्दिष्टं ठरवणं, आपसातले संबंध, अडचणी सोडवणं आणि कोणाचं काम काय हे स्पष्ट करणं असे चार प्रकार तपासले होते. सगळ्यांचाच थोडाफार फायदा दिसला, पण सर्वांत जास्त उद्दिष्टं आणि जबाबदाऱ्या ठरवण्याचा. आम्ही नेमकं तेच कधी करत नाही.

तर असा उपक्रम प्रत्यक्षात कसा घ्यावा? सुट्टीच्या दिवशी सक्तीने बोलावणं मला पटत नाही, त्यामुळे कामाच्या वेळेतच बसेल असं सुचवा. गुडघेदुखीवाले आणि चारचौघांत बोलायला संकोचणारे सहकारीही आहेत. शिवाय फरक पडला हे ओळखायचं कशावरून?

प्रतिसाद :

अलीकडे अडकलेली एक खरी ऑर्डर घ्या. पहिल्या फोनपासून माल पोचेपर्यंतचा तिचा प्रवास भिंतीवर चिठ्ठ्या लावून मांडा. विक्रीवाल्यांनी दुसऱ्या टीमच्या पायऱ्या लिहायच्या आणि त्यांनी विक्रीच्या. पलीकडे काय चालतं याबद्दल आपण किती अंदाजाने बोलतो, ते तिथेच कळतं. चिठ्ठीवर माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त काम. लिहूनच मांडायचं असल्याने संकोची माणसंही मोकळी होतात. साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावं, नाहीतर चिठ्ठ्या त्यांचा चेहरा बघून लिहिल्या जातात.

मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांचा १९५४ चा मुलांच्या शिबिरातला प्रयोग इथे लागू पडतो. भांडणाऱ्या दोन गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवून वैर गेलं नाही. बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करण्यासारखी, दोघांनाही गरजेची आणि एकट्याने न होणारी कामं आली, तेव्हा ते हळूहळू ओसरलं.

शेवटी बदल दोनच ठरवा. उदाहरणार्थ, तारीख कबूल करण्याआधी कोणाला विचारायचं आणि त्याने किती वेळात उत्तर द्यायचं. जबाबदार माणूसही तिथेच नक्की करा. चुकलेल्या तारखा आणि परत आलेल्या ऑर्डरी आधी मोजून ठेवा, महिन्याभराने पुन्हा मोजा. "मजा आली का?" या फॉर्मवरून काही कळत नाही.

धागाकर्ता :

मनापासून आभार, चिठ्ठ्यांचा प्रयोग नक्की करणार. एक अडचण उरते. दोन्ही टीमच्या प्रमुखांचंच आपसात पटत नाही. आधी त्या दोघांना वेगळं बसवून बोलावं, की सगळ्यांबरोबरच भिंतीसमोर आणावं? असा प्रसंग हाताळलेल्यांनी कृपया लिहा.