मदत हवी आहे: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, गीझरचं काय करू?

आम्ही गोव्यात वाळपईला राहतो. पहाटे गारठा असतो म्हणून आईने न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा लावला होता, आणि आत गॅस गीझर! काल तिची अंघोळ चालू असताना पॅसेजमधला अलार्म चार-चार वेळा बोंबलला. गीझर बंद करून सगळे अंगणात आलो. आईचं डोकं जड झालं होतं. डॉक्टरांना दाखवलं, आता बरी आहे.

गॅसवाला म्हणतो, ‘वास नाही म्हणजे गळती नाही.’ अहो, पण कोंदट जागेत गॅस नीट न जळल्याने होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो!

पुठ्ठा काढलाय, गीझर बंदच आहे. तो बाहेर भिंतीवर बसवून पाणी आत घेतलेलं कोणी आहे का? की सरळ विजेचाच घ्यावा? सत्तरी तालुक्यात नीट तपासणारा माणूस सुचवा. अलार्मवर 2015 साल आहे, तोही बदलायचाय.