एसएसला (स्टेनलेस स्टीलला) ड्रिल मारताना बर (भोकाच्या कडेला राहणारी धारदार कोर) येणारच, की आपणच आणतो?

टूलरूमवाला, भोसरी:
स्पष्टच बोलतो, ३०४ ला (एसएसचा नेहमीचा ग्रेड) बर येतोच म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी आरपीएम (ड्रिलचे मिनिटाला फेरे) कधी बघितलेलाच नसतो. आमच्याकडे ६ एमएम प्लेटला ८ चं भोक, ऑपरेटर एमएसच्या (साध्या माइल्ड स्टीलच्या) सवयीने १२०० ला मारायचा आणि चिरकायला लागलं की हात सैल सोडायचा, आता ३०४ मध्ये ड्रिल नुसतं घासलं की तिथलं मटेरियल कडक होतं, मग धार कापत नाही ढकलते, आणि ढकललेलं सगळं खालून टोपीसारखं बाहेर येतं. ४८० वर आणलं (धारेचा वेग मिनिटाला १२ मीटर धरला तर तेवढाच बसतो), फीड, म्हणजे एका फेऱ्यात ड्रिल आत जातं ते, ०.१ एमएम सलग, कोबाल्टचं १३५ डिग्री टोकाचं ड्रिल, कुलंट भरपूर. बर आता नखाला जेमतेम लागतो.

कानसवाला:
पहिली वीस भोकं सगळ्यांचीच गोड येतात हो. शंभराव्याचा फोटो टाका. धार बसली की बर परत हजर, आणि नवीन ड्रिल मागितलं की मालकाचं तोंड बघा. त्यापेक्षा ड्रॉइंगमध्ये चॅम्फर (भोकाची तिरकी कडा) आहेच ना, काउंटरसिंक (ती कडा पाडणारं टूल) मारा, विषय संपला.

टूलरूमवाला, भोसरी:
काउंटरसिंक वरून मारता, बर खाली असतो 🙂 जॉब (भोक पाडायचा तुकडा) उलटा करायचा म्हणजे दुसरं सेटिंग, त्याचे पैसे कोण धरतं?

व्हीएमसी चाकण:
खाली एमएसची पट्टी घट्ट क्लॅम्प करा ना, ड्रिल बाहेर पडताना मटेरियलला वाकायला जागाच राहत नाही. आणि शेवटच्या १ एमएमला प्रोग्राममध्ये फीड अर्धा.

कानसवाला:
आमचा जॉब पाइप आहे. आत पट्टी काय फुंकर मारून घालू? आणि फीड कमी करा म्हणता, मग वर ते घासण्याचं प्रकरण सांगितलं त्याचं काय?

व्हीएमसी चाकण:
अर्धा म्हटलं, शून्य नाही. हातमशीनवर नका करू, तिथे अर्धा म्हणता म्हणता माणूस थांबतोच. पाइपचं मान्य, तिथे भोकातून जाऊन मागची कडा मारणारं स्प्रिंगचं टूल येतं, पण महाग आहे, बॅच मोठी असेल तरच परवडतं.

टूलरूमवाला, भोसरी:
शंभराव्याचा फोटो उद्या टाकतो.

कानसवाला:
टाका. आणि ड्रिलला धार कितव्यांदा लावलीय तेही लिहा, ग्राइंडरवर हाताने लावलेले १३५ डिग्री मी पाहिलेत, एक बाजू लांब एक आखूड, भोक ८.२ आणि बर वेगळाच.