विषय: तुळजापूर रस्त्यावर बंद पडणारी पद्मिनी

(मेलबर्नहून)

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझे आईवडील जुळे सोलापुरात राहतात. वडिलांकडे १९९६ सालची, एमएच १३ क्रमांकाची प्रीमियर पद्मिनी आहे आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीही ती ते स्वतःच चालवतात. सात रस्ता, नवी पेठ अशा गावातल्या फेऱ्यांत गाडी उत्तम चालते. मात्र तुळजापूरला निघाले की तामलवाडीच्या पुढे तिचा जोर हळूहळू कमी होतो, ती झटके देऊ लागते आणि किलोमीटर-दोन किलोमीटरांत बंद पडते. पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर ती निमूटपणे सुरू होते, दहा-बारा किलोमीटर जाते आणि पुन्हा तेच. आतापर्यंत चारही प्लग, सीबी पॉइंट (उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणारे टोक), कंडेन्सर व कॉइल असे ठिणगीचे भाग बदलून झाले असून कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला आहे. गॅरेजच्या दारात ती कधीच बंद पडत नाही, त्यामुळे प्रत्येक मिस्त्री आपल्या अंदाजाने एखादा भाग बदलतो आणि गाडी परत देतो. वडील गाडी विकायला तयार नाहीत आणि आई तिच्यात बसायला तयार नाही. इतक्या दुरून काही निदान करता येईल का, ते जाणकारांनी कृपया कळवावे.

(न्यू जर्सीहून)

नमस्कार. यात निदान करण्यासारखे फारसे काही नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि पद्मिनी यांचे हे जुनेच भांडण आहे. इंजिनाला लागून असलेल्या एसी पंपात, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपात, पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोल ओढेनासा होतो. पंपावर ओले फडके ठेवावे, वडील बिनघोर तुळजापूरला पोहोचतील. आमच्या घरी हेच करत असू.

(टोरांटोहून)

सस्नेह नमस्कार.

ओल्या फडक्याचा उपाय खरा आहे, पण तो या गाडीला लागू पडेल असे मला वाटत नाही. परदेशी येण्यापूर्वी मी सोलापुरात अनेक वर्षे गॅरेजचे काम केले आहे आणि वाफ धरणाऱ्या गाड्या भरपूर पाहिल्या आहेत. वाफ धरते ती बहुधा गर्दीत रेंगाळताना, किंवा तापलेली गाडी दहा मिनिटे उभी करून पुन्हा चालू करताना, कारण त्या वेळी इंजिनाच्या कप्प्यात वारा खेळत नाही. ही गाडी नेमकी उलट वागते. नवी पेठेच्या गर्दीत ती बिनतक्रार चालते आणि मोकळ्या रस्त्यावर, समोरून वारा लागत असताना दम सोडते. म्हणून माझा पहिला प्रश्न असा की, हा त्रास हिवाळ्यात झाला होता का? गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीतही ती बंद पडली असेल, तर उन्हाळ्याला दोष देण्याचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी मरते कशी, हे मिस्त्रीला कोणी सांगत नाही आणि निम्मे निदान तर त्यातच असते. कॉइल किंवा कंडेन्सर तापून निकामी झाला, तर इंजिन दिवा विझावा तसे एका क्षणात बंद होते. पेट्रोल कमी पडले तर ते तसे मरत नाही, कारण कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडे पेट्रोल शिल्लक असते. ते उतरत जाईल तसा जोर कमी होतो, झटके बसतात आणि मग गाडी थांबते. तुमच्या पत्रातील ‘हळूहळू’ हा शब्द वाचूनच मला कॉइल बदलण्याचा खर्च व्यर्थ गेल्याचे वाटले. शहरात इंजिन पेट्रोल मागते थोडे, म्हणून अरुंद झालेली वाटही पुरते. मोकळ्या रस्त्यावर मागणी वाढली की तीच वाट अपुरी पडते.

याची खात्री रस्त्यावरच, गाडीचे दुखणे जागे असतानाच करावी लागेल. जोर कमी होऊ लागताच वडिलांनी चोक थोडा ओढून पाहावा. चोकमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, त्यामुळे तेवढ्यापुरती गाडीने उभारी घेतली तर तिला पेट्रोल कमी पडते आहे असे समजावे. गाडी बंद पडल्यावर थांबून न राहता लगेच टाकीचे झाकण उघडावे आणि कान द्यावा. टाकीतले पेट्रोल खाली जाते तशी बाहेरची हवा आत यावी लागते. ती वाट बुजली असेल तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पंपाची ओढ निष्फळ ठरते आणि झाकण काढताच ‘फुस्स’ असा आवाज होतो. तसा आवाज होऊन गाडी सुरू झाली, तर नुसत्या झाकणावर काम भागेल.

आवाज आला नाही तर पुढची पायरी, पण ती वडिलांनी एकट्याने करू नये. शेजारचा एखादा तरुण आणि शक्य असल्यास मिस्त्री बरोबर न्यावा. इंजिन थोडे निवू द्यावे, कॉइलची वायर काढून ठेवावी म्हणजे ठिणगी पडणार नाही, मग पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून तिचे टोक बाटलीत धरावे आणि स्टार्टर मारावा. ठोक्यागणिक जोमदार चिळकांडी आली पाहिजे. थेंब-थेंब पेट्रोल आले तर पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला, अडथळा आहे किंवा पंपाचा पडदा गेला आहे. या दोहोंतला फरक कळण्यासाठी टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडवून तिच्यात सायकलच्या पंपाने उलटी हवा मारावी. कृपया तोंडाने ओढण्याचा किंवा फुंकण्याचा प्रयत्न करू नये. टाकीत बुडबुडे वाजले आणि त्यानंतर धार पूर्ववत झाली, तर टाकीतला कचरा शोषनळीच्या तोंडाशी जाऊन बसतो, इंजिन थांबले की ओढ संपून तो तळाशी पडतो आणि पुढच्या प्रवासात पुन्हा वर येतो, असे खुशाल समजावे. थांबल्यावर आपोआप बरी होणाऱ्या गाडीचे हे अगदी ठरलेले लक्षण आहे.

जाता जाता एक विचारतो. ही गाडी मध्यंतरी बराच काळ उभी होती काय? २०२३ पासून पेट्रोल पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. आपला जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा असल्याने इथेनॉलबद्दल वाईट बोलणे जिवावर येते, तरीही सांगायला हवे की इथेनॉल पाणी धरून ठेवते, टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला थर सोडवते आणि त्या काळच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. निम्मी रिकामी टाकी वर्ष-दोन वर्षे उभी राहिली असेल, तर गंज आणि हा सुटलेला थर एकत्र येतात.

(मेलबर्नहून)

काका, सविस्तर पत्राबद्दल मनःपूर्वक आभार. वडिलांना विचारले असता गाडी जानेवारीत, अगदी गड्ड्याच्या दिवसांतही दोनदा बंद पडल्याचे कळले. ते सांगायचे मलाच सुचले नव्हते. करोनाच्या काळात गाडी जवळजवळ दोन वर्षे दारात उभी होती.

रविवारी वडील, शेजारचा मुलगा आणि एक मिस्त्री असे तिघे निघाले. तामलवाडीच्या पुढे नेहमीप्रमाणे जोर गेला. चोक ओढताच गाडी क्षणभर सावरली आणि मग थांबली. झाकण उघडल्यावर कसलाही आवाज झाला नाही. नळी बाटलीत धरली तेव्हा पेट्रोल अक्षरशः ठिबकत होते. उलटी हवा मारल्यावर टाकीत बुडबुडे वाजले, धार जोमदार झाली आणि गाडी अकरा किलोमीटर जाऊन पुन्हा बंद पडली. मिस्त्री म्हणाला की, एवढे पैसे कॉइलवर घालवले तेव्हाच टाकी उतरवायला हवी होती. ती कॉइल त्यानेच बसवली होती, हे सांगण्याचा मोह वडिलांनी आवरला.

टाकी उतरवून धुतल्यावर गंजाचे पापुद्रे आणि काळा, चिकट गाळ निघाला. पंपाजवळच्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटलेले होते. सर्व नळ्या बदलल्या आणि मार्गात नवा फिल्टर बसवला. आता गाडी बंद पडत नाही. मात्र तुळजापूरच्या अलीकडचा घाट तिला दुसऱ्या गिअरशिवाय चढवत नाही आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत पाण्याचा काटा बराच वर जातो. हे दुखणे पहिल्याचाच अवशेष आहे की वेगळे?

(टोरांटोहून)

वेगळे आहे, आणि ते बहुधा दुरुस्तीनेच लागले असावे. नवे सीबी पॉइंट बसवताना फट कमी राहिली तर पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी मागे पडते, जोर जातो आणि इंजिन तापते. पॉइंट बदलल्यावर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुन्हा लावावे लागते, हे घाईत राहून जाते. फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) फट तपासून आधी ती नीट करावी आणि त्यानंतरच डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, फिरवून टायमिंग लावावे. क्रम उलटा झाला तर फट बदलताच टायमिंग पुन्हा हलेल. नव्या पॉइंटचा घासणारा भाग सुरुवातीला लवकर झिजतो, म्हणून पाचशे किलोमीटरांनंतर फट पुन्हा पाहावी. नवा फिल्टरही महिन्याभरात एकदा काढून बघावा, कारण टाकी कितीही धुतली तरी थोडा गंज येतच राहतो.

(मेलबर्नहून)

काका, फट खरोखरच जवळजवळ मिटलेली होती. काल आईवडील दोघेही तुळजापूरला जाऊन आले. घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढला आणि पाण्याचा काटा मध्यावरच राहिला. टाकीतून निघालेला गाळ वडिलांनी शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत असतात. ती बरणी निदान स्वयंपाकघरातून तरी हलवावी, असा आईचा आग्रह आहे.